झोपाळ्याची डावी साखळी

२१ ऑगस्ट १९७८, सोमवार

मिट्रो गेला आणि जाताना माझ्या गळ्यात चाळीस खेचरं बांधून गेला. नवरा मेला की बायकोला घर मिळतं, घराखालचा बार मिळतो, इथवर ठीक. मला वर फुटबॉलची टीमही मिळाली. हेझल गॅप म्यूल्स! खाणीत कोळशाच्या गाड्या ओढणाऱ्या खेचरांवरून हे नाव ठेवलंय, असं मिट्रो छाती फुगवून सांगायचा. खाण बंद पडून जमाना झाला. ही खेचरं आपली दर रविवारी चालूच.

ही डायरी सिरिल वार्गोच्या दुकानाची. आमच्या गावातली मयतं तोच करतो, आणि नव्या वर्षाला गिऱ्हाइकांच्या घरी डायऱ्या वाटतो. प्रत्येक पानाच्या तळाशी छापलंय, "आम्ही आहोत, काळजी नको." फेब्रुवारीत मिट्रोचं सगळं त्यानेच केलं. छान केलं, खोटं कशाला बोलू? तेव्हापासूनची पानं कोरी आहेत. रडणं कोण लिहून ठेवतं?

आज लिहायला बसले कारण आज ठरवलंय. हा सीझन शेवटचा. नोव्हेंबर संपला की हेल्मेटं भंगारात आणि मी बहिणीकडे फ्लोरिडाला. अजून कुणाला बोलले नाही. सकाळी बेनी साबोल आला होता. एरवी पावाची गाडी चालवतो, रविवारी आमचा क्वार्टरबॅक असतो, म्हणजे चेंडू हातात घेऊन बाकीच्यांवर ओरडतो. म्हणाला, "तेता, यंदा पण मॅचच्या आधी हालुश्की असणार ना?" ही सगळी धटिंगणं मला तेता म्हणतात. तेता म्हणजे मावशी, आणि मावशी म्हणजे फुकट जेवण.

म्हटलं, "असणार रे मेल्या. कोबी चिरायला ये."

२८ ऑगस्ट

हरलो. परगावी आम्ही हरतोच, त्यात नवल नाही.

तीस वर्षं हा खेळ डोळ्यांसमोर आहे आणि मला कळला तो एवढाच. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकलात तर आणखी चार प्रयत्न, नाही सरकलात तर चेंडू समोरच्यांचा. सरकलात की नाही याची शंका आली की दोन काठ्यांना बांधलेली दहा यार्डांची साखळी मैदानात आणून ताणतात. तीन प्रयत्न फसले की शहाण्या टीम चौथ्याला चेंडूला लाथ घालून तो लांब उडवून देतात. चेंडू जातोच आहे, तर निदान लांब तरी जाऊ दे. मिट्रोला हे आयुष्यात पटलं नाही. "खेचर लाथ मारतं ती मागे," म्हणायचा, "पुढे ते फक्त ओढतं!" म्हणून आमची माणसं चारही वेळा डोकं खाली घालून समोरच्या भिंतीवर आदळतात. परगावी थोडक्यात राहतात. दर वेळी थोडक्यात! बघून जीव तुटतो.

चेंडूला लाथ मारायला टीममध्ये एक माणूस ठेवावा लागतो म्हणून आमच्याकडे सिरिल आहे. हो, तोच मयतवाला. काळे बूट चकाचक करून येतो, कडेला उभा राहतो, सँडविच खातो आणि घरी जातो. मिट्रोने त्याला कधी मैदानात बोलावलंच नाही.

४ सप्टेंबर

जिंकलो! घरच्या मैदानावर, अर्थात.

आमच्या मैदानात गवताची काडी नाही, नुसती कोळशाची कच. चुन्याने मारलेल्या रेषा पहिल्या धक्काबुक्कीतच पुसल्या जातात. मग कोण किती सरकलं ते साखळीलाच विचारायचं. ती स्टश कुबेक सांभाळतो आणि तिला पोटच्या पोरीसारखं तेल लावतो. काल चार वेळा त्याने ती ताणली आणि चारही वेळा आमचा चेंडू बोटभर पुढे! लोक वेडे झाले.

ज्या वर्षी कोळशाचा ट्रक त्या साखळीवरून गेला, त्या वर्षापासून आम्ही घरी हरलेलोच नाही. गावात तसंच म्हणतात, "ट्रकच्या वर्षापासून." फादर म्हणतात, त्या वर्षी त्यांनी मैदानावर पवित्र पाणी शिंपडायला सुरुवात केली. बेनीच्या मते मिट्रोची भाषणं. मला विचाराल तर त्याच वर्षी मी हालुश्कीत लोणी दुप्पट घालायला लागले. कोबी आणि शेवया काय, कुणीही शिजवतं. लोण्याला हात सढळ लागतो.

ट्रकने मधल्या कड्या पार चेपल्या होत्या. मिट्रोने तेवढ्या कापून काढल्या, राहिलेली टोकं ठोकून जोडली आणि साखळी स्टशच्या हवाली केली. चेपलेला हातभर तुकडा मात्र फेकला नाही. हातोडीने सरळ केला आणि आमच्या व्हरांड्यातल्या झोपाळ्याला डावीकडे लावला, कारण तिकडची साखळी गंजली होती. मला म्हणाला, "लग्नाच्या वाढदिवसाची भेट." इतर बायकांना अंगठ्या मिळतात! पण झोपाळा कुरकुरायचा थांबला, तेही खरं.

१८ सप्टेंबर

लीगची मीटिंग लिंडेनटाउनला होती. टीमची मालकीण म्हणून मी गेले. सात पुरुष आणि मी. पेट्रोल महागलं, म्हणे. गावोगाव फिरणं परवडत नाही, म्हणे. म्हणून सीझनच्या शेवटी जी टीम तळाला असेल ती लीगमधून बाहेर.

तळाला कोण आहे? आम्ही. घरी जिंकतो, पण यंदा घरच्या मॅच कमी आणि बाहेरच्या जास्त आल्यात.

खरं तर मला बरं वाटायला हवं होतं. मी बंद करणारच होते, लीगने बंद केली तर माझ्यावर बोलही नाही. पण तोंडातून काय बाहेर पडावं? मी टेबलावर हात आपटून म्हटलं, "का हो, तुमच्या घरात खाणारी तोंडं जास्त झाली की जो शेवटी जेवायला बसतो त्याला हाकलून देता का?"

हसला तो एकटा एलवुड ऑरविग. लिंडेनटाउन ड्रोव्हर्सचा कोच. उंच, जाडजूड, बायको वारून पाच वर्षं झालेला. "मिसेस हुडाकचं बरोबर आहे," म्हणाला. आमच्या शेवटच्या मॅचला समोर त्याचीच टीम. असा माणूस माझी बाजू घेतो तेव्हा पाणी कुठेतरी मुरतंय.

२ ऑक्टोबर

वाटलंच होतं. ऑरविग आज दारात! हातात लाल बीटमध्ये मुरवलेल्या अंड्यांची बरणी. म्हणाला, "इकडून चाललो होतो." हेझल गॅपवरून कुणीही कुठेही जात नाही, रस्ताच इथे संपतो. हेरगिरी, दुसरं काय?

पण दारात आलेल्याला हाकलायची आपली रीत नाही. झोपाळ्यावर बसवलं, कॉफी दिली. तो टेकला मात्र, उजवीकडची साखळी खाडकन तुटली आणि ऑरविग बीटच्या रसासकट जमिनीवर! मी आधी हसले, मग उठवायला गेले. फेब्रुवारीनंतर इतकी हसले नव्हते.

भला माणूस, लगेच म्हणाला, "मी नवी लावून देतो." लांबी बघायला डावी साखळी हातात घेतली आणि एकदम थांबला. त्या तुकड्यावर लाल रंगाचा पट्टा आहे, तो अंगठ्याने पुसून बघितला.

"हा तुकडा कुठला, मिसेस हुडाक?"

"मैदानातल्या साखळीचा. ट्रक गेला ना तिच्यावरून, तेव्हा मिट्रोने कापून काढला."

"आणि त्याच्या जागी दुसरा घातला?"

"कशाला? टोकं जोडली की झाली साखळी."

ऑरविगने तुकड्यावर वीत ठेवली, मग आणखी एक वीत ठेवली. आणि हसायला लागला. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसला, बीटने माखलेला रुमाल तोंडाला लावून. "मिट्रोला माहीत होतं?" म्हणाला.

"काय माहीत होतं? अहो, स्वतःच्या हाताने टांगलाय त्याने!"

जाताना गंभीर झाला. "मिसेस हुडाक, हे कुणाला बोलू नका."

म्हटलं, "पडलात तुम्ही, लाज तुमची. मी कशाला बोलू?"

अंडी चांगली होती.

२३ ऑक्टोबर

गेल्या दोन मॅच: बाहेर हरलो, घरी जिंकलो. म्हणजे जसं असतं तसंच.

ऑरविग अजून झोपाळा दुरुस्त करतोय. तीन आठवडे! पहिल्यांदा आणलेली साखळी जाड निघाली, दुसरी बारीक. आज योग्य मापाची आणली तर हुक विसरला. असा विसराळू माणूस टीम कशी चालवतो, देव जाणे. दर वेळी काहीतरी खायला घेऊन येतो आणि मैदानाबद्दल, खेळाबद्दल एक शब्द विचारत नाही. मुरलेला हेर दिसतो.

बेनीने बारमध्ये सगळ्यांसमोर विचारलं, "तेता, तुझा झोपाळा कधी नीट होणार गं?" आणि सगळी खेचरं फिदीफिदी हसली. म्हटलं, "माप चुकतंय त्याचं." तर आणखीनच हसली. यात हसण्यासारखं काय होतं?

३० ऑक्टोबर

बहिणीचा फोन. खोली तयार आहे, खिडकीतून संत्र्याचं झाड दिसतं. मी हो, हो म्हटलं आणि फोन ठेवून बारमध्ये जाऊन बसले. भिंतीवर मिट्रोची खेचरं, दर वर्षीचा एक फोटो. शाळामास्तर, तुरुंगातला शिपाई, पाववाला, मयतवाला. कुणाचा दात पडलेला, कुणाचं नाक वाकडं. तिकिटांच्या पैशातून एकेकाला जे सुटतं त्यात एक बिअर येते, आणि तीही ते माझ्याच बारमध्ये पितात.

संत्र्याच्या झाडाकडे बघत मी करणार काय? कोबी कुणासाठी चिरणार? शिव्या कुणाला घालणार?

मला ही टीम हवी आहे. घ्या, लिहून टाकलं. मिट्रो, तू वरून दात काढत असशील तर काढ.

६ नोव्हेंबर

काल बाहेर हरलो. आता सरळ हिशेब. येत्या रविवारी घरी ड्रोव्हर्सना हरवलं तर आम्ही राहिलो, नाही तर गेलो. ड्रोव्हर्स जिंकले तर कप त्यांचा, त्यामुळे तेही पेटलेत. पण मॅच घरी आहे, आणि लोणी मी आजच आणून ठेवलंय.

११ नोव्हेंबर, शनिवार

झोपाळा एकदाचा झाला. ऑरविग म्हणाला, एक बाजू नवी आणि एक जुनी बरी दिसत नाही, म्हणून दोन्हीकडे नव्या साखळ्या बसवल्या. मिट्रोचा तुकडा काढून माझ्या हातात दिला.

तो हातात घेतला आणि माझे डोळे भरून आले. एवढासा लोखंडाचा तुकडा. आणि मग सुचलं! उद्या कदाचित खेचरांची शेवटची मॅच. मिट्रोच्या साखळीतून निघालेला हा तुकडा मिट्रोच्या साखळीत परत गेला पाहिजे. उद्या तोही मैदानात हवा.

हे बोलले मात्र, ऑरविगचा चेहरा पांढराफटक. "नको! मिसेस हुडाक, एवढं करू नका."

"का नको?"

"म्हणजे... कशाला त्रास? इतकी वर्षं चाललंय ना बरं? फार तर सोमवारी जोडा. सोमवारी मी स्वतः येऊन जोडून देतो. पण उद्या नको, पॉलीन, माझं ऐक."

पॉलीन! आणि अहोचं अरेतुरे! पण मी फसणारी नाही. उद्या ज्याच्याशी लढायचं तोच जेव्हा हातापाया पडून सांगतो की अमुक करू नको, तेव्हा नेमकं काय करायचं हे खेचरालाही कळतं. त्याच्या डोळ्यांदेखत स्टशला बोलावलं आणि तुकडा दिला. स्टशने गॅरेजात जाऊन मधोमध जोडून आणला, वर तेलही लावलं. ऑरविग झोपाळ्यावर डोकं धरून बसला होता.

१३ नोव्हेंबर, सोमवार

बोटं सुजलीयेत टाळ्या वाजवून, तरी लिहिते.

अख्खं गाव मैदानात. हालुश्कीची दोन मोठी पातेली फस्त. फादरचं पाणी शिंपडून झालं. मिट्रोची टोपी घालून मी कडेला उभी राहिले.

आणि काय व्हावं? पहिल्याच खेपेला खेचरं चार वेळा आदळली, स्टश साखळी घेऊन धावला, ताणली, आणि चेंडू हातभर मागे! घरच्या मैदानावर हे कुणी बघितलंच नव्हतं. दुसऱ्या खेपेला तेच. तिसऱ्या खेपेला तेच. दर वेळी हातभर! नशिबाने समोरच्यांनाही गुण मिळत नव्हते. रात्रीच्या पावसाने झालेल्या चिखलात कुणाचंच काही चालत नव्हतं.

बेनी धापा टाकत आला. "तेता, आज हालुश्कीत काय घातलंस?"

"तेच लोणी!"

"मग आम्ही पोचत का नाही? रोजच्यासारखंच तर ढकलतोय!"

मी समोर बघितलं. ऑरविग टोपीने तोंड झाकून उभा. हसतोय की रडतोय कळेना. मनात म्हटलं, लबाडा, तुला काहीतरी माहीत होतं.

मध्यंतर झालं. सगळी खेचरं माझ्या तोंडाकडे बघायला लागली. अशा वेळी मिट्रो भाषण ठोकायचा. मला भाषण येत नाही, मला घर चालवता येतं. रोजच्या भांड्यात भागत नसेल तर दुसरं भांडं काढायचं. नजर टाकली तर कडेला काळे बूट चमकताना दिसले.

"सिरिल! ते सँडविच खाली ठेव!"

त्याने आधी मागे वळून बघितलं, दुसरा कुणी सिरिल आहे का म्हणून.

"तुलाच! आजपासून चौथ्या प्रयत्नाला तू लाथ मारायची."

"मिसेस हुडाक," तो हळूच म्हणाला, तसं तो सगळंच हळू बोलतो, धंदाच तसा, "मला सवय नाही हो."

"सवय कुणालाच नसते. मला विधवा व्हायची सवय होती का?"

पहिली लाथ मारली ती सरळ मागे. चेंडू आमच्याच बँडवाल्याच्या भोंग्यात जाऊन बसला! मिट्रो म्हणायचाच, खेचर लाथ मारतं ती मागे. लोक हसून लोळले. बिचारा सिरिल कानापर्यंत लाल. पण दुसऱ्यांदा मारली ती अशी, की चेंडू चर्चच्या घुमटाएवढा वर गेला आणि ड्रोव्हर्सच्या पार पाठीमागे जाऊन पडला. आणि मॅच संपत आली असताना आम्ही मैदानाच्या टोकाला उभ्या असलेल्या दोन खांबांच्या जवळ पोचलो. चौथा प्रयत्न. बेनीने माझ्याकडे बघितलं, मी सिरिलकडे. सिरिलने बुटाचं टोक पँटला पुसलं आणि चेंडू त्या खांबांच्या मधून असा अलगद काढला, जशी शवपेटी दारातून काढतो. तीन गुण!

आता ड्रोव्हर्सची शेवटची खेप. ढकलत, ढकलत आले. त्यांचा चौथा प्रयत्न. सरकले तर पुढच्या धडकेत मॅच त्यांची, एवढे जवळ. माणसांचा मोठा ढीग झाला, तो उपसला, तळाशी चेंडू. पोचला की नाही कुणालाच सांगता येईना. त्यांची पोरं नाचायलासुद्धा लागली.

स्टश साखळी घेऊन आला. एक काठी रोवली. ताणली. मधोमध मिट्रोचा तुकडा ताठ झाला, लाल पट्ट्यासकट. मी देवाचं नाव घेतलं नाही, मिट्रोचं घेतलं.

चेंडू वीतभर मागे.

पुढचं मला नीट आठवत नाही. बेनीने मला उचललं. फादरनी बादली उरलेल्या पवित्र पाण्यासकट सिरिलच्या डोक्यावर ओतली. स्टश साखळीचे मुके घेत होता. मी रडले, भरपूर रडले, पण हे रडणं लिहून ठेवण्यासारखं आहे.

ऑरविग मैदान ओलांडून माझ्यापर्यंत आला. कप हातचा गेलेला माणूस, पण तोंडावर सगळं हसू. "पॉलीन, काल मी तुझ्या हातापाया पडत होतो, तो तुकडा जोडू नको म्हणून."

"ऐकलं असतं तर?"

"तर आज मी जिंकलो असतो."

"बघ! म्हणूनच पडत होतास!"

"नाही गं! मी तुझ्याचसाठी... म्हणजे तुमची टीम..." मग त्याने टोपी काढून आकाशाकडे बघितलं. "मिट्रो, बाबा, तू जिवंत असताना हरवलंस, आता मेल्यावरही हरवलंस."

खरं आहे. मी म्हटलं, "त्याच्या तुकड्यानेच वाचवलं." यावर तो इतका हसला की त्याला धरून बसवावं लागलं.

आज सकाळी पुन्हा हजर, झोपाळा नीट बसलाय का बघायला. दोघं बसलो. मी सवयीने डावीकडे. जरासुद्धा कुरकुरला नाही. म्हणाला, "पुढच्या वर्षी घरच्या मैदानावर हरायचीही तयारी ठेव."

"का म्हणून? आता तर मिट्रोची साखळी पुरी झाली."

"म्हणूनच," म्हणाला, आणि बीटचं अंडं चावत बसला. पुरुष कधी काय बोलतील नेम नाही. तरी पुढच्या वर्षी लोणी तिप्पट घालीन, वाट्टेल तो खर्च होऊ दे.

बहिणीला फोन करून सांगितलं, खोली भाड्याने देऊन टाक. तिने विचारलं, "अगं, पण एकटी राहणार का तिथे?" मी पुढ्यातल्या पानाच्या तळाशी छापलेलं तिला वाचून दाखवलं, "आम्ही आहोत, काळजी नको."